जगदेवच्या जिम्मेदारीचा कागद

धामणखेडी, केनवडजवळ
१३ नोव्हेंबर १९५५

रंगू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच चुलीत टाकशील, म्हणून आधी कामाचं सांगते. जगदेव अजून नागपूरच्या तुरुंगातच आहे. पण त्याला सोडायचं घाटतंय, आणि त्यासाठी माझी सही मागताहेत.

मंगळवारी शाळा सुटता सुटता अकोल्याहून चौकशीचे साहेब आले. सोबत आपले पोलीस पाटील बबनराव. साहेबांनी समजावून सांगितलं की नवा कायदा झाला आहे. ज्या कैद्याची वागणूक चांगली, त्याला शिक्षा पुरी होण्याआधी सोडतात. पण मोकळा नाही. कोण्या भल्या माणसानं त्याची जिम्मेदारी घ्यायची, त्याच्याच घरी त्यानं राहायचं, दर रविवारी पाटलाकडे हजेरी, परवानगीशिवाय गावाबाहेर जायचं नाही. मोडलं की परत आत, आणि उरलेली सहा वर्षं पुरी भोगायची. जगदेवनं पालक म्हणून माझं नाव दिलं आहे. बहीण, विधवा बाई, पण सरकारी मास्तरीण, म्हणून चालते म्हणे.

मग त्यांनी प्रश्न काढले. दारू पितो काय? गावात कोणाशी वैर? झाल्या गोष्टीचा दोष कोणाला देतो? आणि शेवटी, "या खुनाआधी त्यानं घरात कोणावर हात उचलला होता का?"

माझ्याआधी बबनरावच बोलले, "नाई साहेब! त्या एका दिवशीच डोक्सं फिरलं त्याचं. बाईनं कोर्टात शपथेवर सांगतलं हाय."

साहेबांनी लिहिलं नाही. "मी बाईंना विचारलं," म्हणाले.

मी म्हटलं, आठ वर्षांमागची गोष्ट, आठवून सांगते. ते कागद ठेवून गेले. तुला अक्षरं मीच शिकवली, तेव्हा हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नको. जगदेव पुन्हा तसं करील काय? हो की नाही, एवढंच लिही. तू त्याची बायको, त्याच्या मनातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मनकर्णा


९ डिसेंबर १९५५

रंगू,

तुझं कार्ड आलं. "बाई, तुमी कोर्टात जे सांगतलं तेच साहेबाले सांगा. आता नवीन कायले पायजे?"

एवढीच ओळ. मी ती शाळेत वाचली आणि दिवसभर मुलींकडून पाढेच म्हणवून घेतले, म्हणजे मला बोलावं लागू नये.

तर ऐक. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. तू वावरातून उशिरा आलीस. विहिरीवर कोणाशी बोलत होती म्हणून त्यानं विचारलं. तू म्हणालीस, कोणाशीच नाही. मी दारात तुरी पाखडत बसले होते. त्यानं बैलगाडीची उभारी, तो कडेचा दांडा, घेतली आणि तुझा डावा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हळद लावून, बांबूच्या काड्या बांधून मीच तो हात गळ्यात अडकवला आणि शेजारणीला सांगितलं, माळ्यावरून पडली.

त्याच वर्षी दिवाळीत त्यानं रामधनला जिवे मारलं. आपला सालदार गडी, तुझ्या डोईवरची टोपली उतरवायला हात लावला एवढाच त्याचा गुन्हा. तू पळालीस म्हणून वाचलीस. कोर्टात तू हाताचं सांगितलंस, आणि मी शपथ घेऊन म्हणाले, पडली होती. वकिलानं मला आधीच सांगितलं होतं, सवयीचा मारकुटा ठरला तर फाशी होईल. मी भावाची मान वाचवली. त्यासाठी तुला खोटी पाडली. रामधनशी लागेबांधे होते ते झाकायला रंगू बोलते आहे, असं लोक म्हणाले. तेही मी ऐकून घेतलं. तू पोरीला, कौसूला घेऊन निघालीस तेव्हा मी दार लावून घरात बसले होते. हे सगळं तुला ठाऊकच आहे. मी ते कबूल करते हे ठाऊक नव्हतं.

साहेबांना रामधनच्या घरच्यांचंही मत पाहिजे होतं, म्हणून परवा त्यांच्यासोबत तांड्यावर गेले. त्याची बायको नानीबाई आता म्हातारी दिसते. रामधन गेला तेव्हा ती जेमतेम तिशीची होती. साहेबांनी विचारलं, "जगदेव गावात आला तर तुम्हाला भीती वाटते का?"

ती म्हणाली, "मले कायची भीती, साहेब? माया मानूस त्यानं नेला, आता काय नेईन? ज्या बाईवर शक करून त्यानं कुऱ्हाड उचलली, तिले इचारलं काय?"

"तिचा पत्ता मिळत नाही."

नानीबाई माझ्याकडे पाहत राहिली. पत्ता माझ्या पेटीत होता. मी बोलले नाही. तुझा पत्ता सरकारी कागदावर चढून जगदेवच्या हाती लागू नये म्हणून, असं मी मनाला सांगते. पण तू साहेबांना हाताचं सांगशील, ही भीती त्याहून मोठी होती.

सही केली. घरात हात उचलल्याचा रकाना कोरा ठेवला. एकच अट मी घालून घेतली, की बायको राहते तिथं त्यानं पाय टाकायचा नाही.

मनकर्णा


४ मार्च १९५६

रंगू,

तुझं पत्र इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. शिव्या असतील म्हणून उभ्यानंच फोडलं. कौसूचं जमलं, पोरगा तू कामाला जातेस त्याच कापसाच्या जिनात फिटर आहे, ज्येष्ठात लग्न. वाचून बरं वाटलं. पण तू कारंज्यातल्या घराचा, गल्लीचा, सगळा ठावठिकाणा का लिहिलास? पुन्हा लिहू नको. पत्र लुगड्यांच्या तळाशी ठेवलं आहे.

तो अकरा फेब्रुवारीला आला. केस पिकलेत, गालफडं बसलीत. दारात उभा राहिला आणि मी "ये" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडला नाही. कांबळं घडी घालून, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवतो. पाणी प्यायचं तरी विचारतो, "बाई, घेऊ काय?" तुरुंगात दोर वळायला शिकला, दिवसभर तेच करतो. गावातले म्हणतात, पार बदलला. बबनराव तर म्हणाले, "एवढा गरीब झाला का गोगलगाय बनला जसा."

मला मात्र त्याच्या गरीबपणाचीच धास्ती वाटते. आधी तो चिडला की भांडी फेकायचा, सगळ्यांना कळायचं. आता काही कळत नाही. पहिल्याच आठवड्यात कुऱ्हाड शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली. विळे, सुरी रोज मोजते. तो जेवताना मी त्याच्या हातांकडे पाहते. त्यालाही ते कळतं, कारण मग तो हात ताटाखाली घेतो.

तुझं नाव त्यानं एकदाच काढलं. मी भाकरी थापत होते. "बाई, रंगू कुठी असते?"

"मले काय ठाऊक!"

"बरं," म्हणाला. त्या एका 'बरं'वर मी दोन दिवस विचार करत होते.

संध्याकाळी मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवते. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तो माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "काय लिवलं हाय, पाह्य बरं." मला त्याची दया यायची. तर काल साहेब पाहणीला आले, आणि जाता जाता सहज म्हणाले, "तुरुंगात त्यानं वाचन-लेखनाची परीक्षा दिली, बाई. इतर कैद्यांना शिकवत होता. गेली तीन वर्षं तुम्हाला आलेली पत्रं त्याच्याच हातची."

मी त्याला यातलं काही बोललेले नाही. वाचता येतं हे तो माझ्यापासून का लपवतो? तुला काही सुचत असेल तर लिही. नको, लिहूच नको.

मनकर्णा


२२ एप्रिल १९५६

रंगू,

हे पत्र केनवडच्या बाजारातून टाकते आहे, गावातल्या पेटीत टाकायचा धीर नाही.

मी त्याची परीक्षा घेतली. वर्तमानपत्र वाचताना मधेच मनानं एक बातमी घुसडली, की जन्मठेपेच्या सगळ्या कैद्यांना सरकार जमीन देणार. त्याची नजर कागदावरच होती. तो फक्त जरासा हसला आणि दोर वळत राहिला.

चार दिवसांनी पेटी उघडली. तुझं पत्र मी चार घड्या करून ठेवते, मुलींच्या वह्यांत ठेवायच्या चिठ्ठीसारखं. ते तीन घड्यांचं निघालं. जागा तीच, लुगडं तेच, घडी वेगळी. म्हणजे त्यानं वाचलं. गल्ली, घर, जिनाची पाळी सुटायची वेळ, कौसूचं लग्न, सगळं.

हे पत्र मिळताच तू आणि कौसू दुसरीकडे राहायला जा. कोणाकडे ते मला कळवू नको. जिनातून एकटी निघू नको, चार बायांसोबत नीघ. होणाऱ्या जावयाला सांग. लाज वाटली तरी सांग.

तू विचारशील, बाई, तुम्ही पाटलाला का नाही सांगितलं? सांगितलं तर त्याला परत नेतील. आणि नेताना साहेब विचारतील, आधी कधी असं वागला होता का. म्हणून आज सांगते, उद्या सांगते, असं चाललं आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यापासून आता काही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे. तो अजून तरी अंगणात दोर वळतो आहे. दोर फार चांगला होतो त्याचा.

मनकर्णा


१९ मे १९५६

रंगू,

तू सुखरूप आहेस, कालही आणि आजही तुला काही झालेलं नाही. हे आधी वाच आणि मग पुढचं.

गुरुवारी सकाळी तो "वावरात जातो" म्हणून गेला. मी अंगणात बाजेवर कुरडया घालत होते. दुपार कलली तरी जेवायला आला नाही. वावराकडे माणूस पाठवला, तिथं नव्हता. माझे हात चिकानं भरलेले तसेच राहिले. तेवढ्यात तो आला. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. भर उन्हात बाजेजवळ खाली बसला आणि म्हणाला, "बाई, मी गेल्तो."

"कुठी?"

"आपल्या मालेगावले. कारंज्याची मोटार लागली व्हती. तिच्यात बसलो."

मी हातातला सोऱ्या बाजेवर ठेवला.

"पोरीचं लगन हाय, लांबूनच पाहून येऊ, असं मीनं मनाले सांगतलं. घाम पुसाले दुपट्टा सोडला, तं त्याच्यातून विळा निघाला."

"कोनं ठेवला?"

"कवा ठेवला आठवत नाई म्हनलो तं खोटं व्हईन. आठवते. सकाळी, तू आत चिक शिजवत व्हती तवा. पोरीले पाहाले विळा लागत नाई, बाई."

त्यानं दुपट्टा उलगडून विळा माझ्यासमोर ठेवला. सकाळी मी मोजायची विसरले होते, कुरडयांच्या घाईत.

"मंग?"

"मोटार सुटाच्या आंधी उतरलो. पायीच आलो."

मी विचारलं, "तुले वाचता येते, हे मायापासून काहून लपवलं?"

"तू मायासमोर काय खरं वाचते अन् काय खोटं, ते पाहाचं व्हतं. समदे मायाशी खोटं बोलून राह्यले, असं वाटे. तू, पाटील, दुकानदार. रामधनच्या वक्ती बी असंच वाटे. तुरुंगात आठ वर्सं वाटलं नाई, कारन तिथं कोनी मायं नव्हतं. घरी आलो अन् पंधरा दिवसात पुन्हा सुरू झालं. तेच हाय ते. गेलं नाई." मग म्हणाला, "साहेबाले कळव. मले घेऊन जा म्हनाव."

आता जे सांगते ते लिहायला दोन दिवस लागले. मी तो विळा उचलला, पदराखाली घेतला आणि म्हणाले, "कोनाले कळलं नाई. परत आलास ना? मी बोलत नाई, तू बी बोलू नको. हात धू, जेवाले बस."

तो माझ्याकडे असा पाहत होता की तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नाही. म्हणाला, "तू आताबी तेच करून राह्यली? तवा खोटं बोलली, मी जगलो. आता खोटं बोलली तं कोन मरन, सांग."

मी विळा पदराखालून काढला. चिक हातावर वाळून कडक झाला होता.

आम्ही दोघं बबनरावांकडे गेलो. ते म्हणाले, "कोनाले लागलं नाई ना? मंग कायले कागद काळे करता? साहेब म्हनतीन पाटलाचं लक्ष नाई. जा बाई घरी." जगदेव त्यांच्या ओट्यावर बसला तो उठेचना. शेवटी मीच कागद लिहिला, विळ्यासकट, मोटारीसकट, आणि रिसोडच्या ठाण्यात माणूस धाडला. माणूस जाऊन येईपर्यंत चार तास तो तिथंच बसून होता. मी त्याच्यासाठी भाकरी नेली. त्यानं खाल्ली. "बाई, मीठ जास्त झालं," म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

मनकर्णा


३ जून १९५६

रंगू,

त्याला नेलं. सुटकेचा हुकूम रद्द झाला. आता एकसष्टपर्यंत आतच.

मी अकोल्याला जाऊन आले. साहेबांसमोर बसून तुझ्या हाताचं सगळं सांगितलं, उभारी, बांबूच्या काड्या, शेजारीण, कोर्ट. त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मी सही केली. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल माझ्यावर काय होईल ते वरचे साहेब ठरवतील, नोकरी जाईल कदाचित. तुझं नाव त्या कागदावर खरं बोललेली म्हणून आलं आहे. आठ वर्षं उशिरा आलं. नानीबाईलाही तांड्यावर जाऊन सांगितलं, की रामधनवर जो आळ होता तो खोटा होता आणि तो मी वाढू दिला. ती म्हणाली, "मले ठाऊक व्हतं. तुमाले सांगाले आठ वर्सं लागले." आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी ते पाणी प्याले. त्याचा अर्थ काय लावायचा, माहीत नाही.

साहेबांनी शेवटी विचारलं, "बाई, तो स्वतःहून आला नसता, तर तुम्ही कळवलं असतं?"

मी म्हटलं, "हो साहेब, कळवलं असतं."

परत येताना मोटारीत खिडकीशी बसले होते, आणि पातूरच्या पुढं माझ्या ध्यानात आलं की मी पुन्हा खोटं बोलले. त्यांना तसं पत्र टाकलं आहे.

जगदेवबद्दल तुला काय सांगू? तो खरंच घाबरून परतला, की मोटार सुटायला वेळ लागला म्हणून परतला, हे मी रोज मनात उलटंपालटं करते. उतरल्यावर त्याला हायसं वाटलं असेल काय? चांगुलपणावर विश्वास ठेवायला मी आता भिते, आणि न ठेवायलाही. साहेब म्हणाले, असं स्वतः येऊन सांगणारा कैदी त्यांनी पाहिला नाही. त्यांनी तेही कागदावर लिहिलं आहे.

पण एकसष्टला शिक्षा पुरी होईल आणि तो सुटेल. त्या वेळी कोणाची सही लागणार नाही, हजेरी नसेल, कोणी साहेब तुझ्या दारी येऊन विचारणार नाही. म्हणून तेव्हा काय करायचं ते तुला आणि मलाच आत्तापासून ठरवायला लागेल. कौसूला आणि जावयाला सगळं नीट सांग, तिच्या बापानं शेवटी जे केलं तेही सांग, विळाही सांग आणि परत येणंही. त्यातलं एक गाळलंस तर मी जे केलं तेच होईल.

लग्नाला मी येत नाही. पण एकदा तू म्हणशील त्या दिवशी कारंज्याला येईन. जिनाच्या फाटकाबाहेर उभी राहीन, पाळी सुटेपर्यंत. तुला यायचं असेल तर बाहेर ये. नसेल तर दुसऱ्या बायांसोबत सरळ घरी जा, मी हाक मारणार नाही.

मनकर्णा